मदत हवी आहे: जळगावच्या उन्हाळ्यात यलो टँग या समुद्री माशाला कसं जपू?

नमस्कार मंडळी. घरी खाऱ्या पाण्याची साधारण ५०० लिटरची टाकी आहे आणि त्यात एक यलो टँग. पोहतो छान, पण पोट खपाटीला गेलंय आणि डोक्याजवळचा रंग उडतोय. फार काळजी वाटते.

हा मासा मुळात दिवसभर खडकावरचं शेवाळ कुरतडणारा. टाकीतलं शेवाळ त्याने केव्हाच फस्त केलं. बिनमसाल्याची नोरी (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचे पातळ कागद) मुंबईहून मागवतो, क्लिपला लावली की तुटून पडतो. ती संपली की पालक उकळत्या पाण्यातून काढून देतो, पण समुद्री शेवाळाची सर पालकाला नाही. नोरी दिवसातून किती वेळा लावता? वरून क जीवनसत्त्वाचे थेंब टाकून कुणाला फरक दिसलाय का?

दुसरी चिंता मे महिन्याची. इथे पारा ४५ अंशांपर्यंत जातो, टाकी मात्र २६ च्या आसपास राहायला हवी. चिलर (पाणी थंड ठेवणारं यंत्र) आहे, पण वीज गेली की पाणी तापतं, त्यातला ऑक्सिजन घटतो, आणि टँगला तर भरपूर ऑक्सिजन लागतो. बाष्पीभवनाने खारटपणा वाढतो, तो आरओचं पाणी घालून सांभाळतो. चिलर इन्व्हर्टरवर चालवावा, की बॅटरीवरचा एअर पंप आणि पंखा पुरेल? धुळे, भुसावळ, नंदुरबारकडच्या कुणी उन्हाळा काढला असेल तर कृपया सविस्तर सांगा.