आधीच राखीव असलेल्या जंगलाच्या पाण्याचे पैसे नेमके कशाचे? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

उष्णकटिबंधातली जंगलं आणि त्यांच्या खालच्या शहरांचं पाणी यावर एक टिपण लिहायला घेतलंय आणि मध्येच अडकलोय. इथे पाणीपुरवठ्यातले जाणकार आहेत, म्हणून विचारतो.

वर डोंगरात जंगल टिकलं की खाली धरणाला, शहराला फायदा, तर खालच्यांनी त्याचे पैसे द्यावेत, इथवर ठीक. कोस्टा रिकाने १९९६ च्या वनकायद्यात ही तरतूद केली, पण तिथला बराच पैसा इंधनावरच्या करातून येतो. व्हिएतनामचं मला जास्त सरळ वाटतं. २०१० च्या आदेशानुसार जलविद्युत प्रकल्पाने विजेच्या युनिटमागे २० डोंग (तिथलं चलन) आणि पाणी कंपनीने घनमीटरमागे ४० डोंग द्यायचे. २०१६ च्या आदेशाने हे दर ३६ आणि ५२ झाले. जो पाणी वापरतो, तोच भरतो.

खाजगी जमीन असेल तर मुद्दा कळतो. पैसे मिळाले नाहीत तर मालक झाडं तोडून कुरण करेल. पण जे जंगल आधीच राष्ट्रीय उद्यान आहे, त्याचं काय? होंडुरासमधलं ला टिग्रा बघा. राजधानी तेगुसिगाल्पाच्या पाण्याचा मोठा हिस्सा तिथून येतो. जंगल आहेच, पाणीही येतंच आहे. मग शहराने ‘पैसे कशाचे?’ असं विचारलं तर काय सांगायचं?

शिवाय, झाडं तोडली की वर्षाचा एकूण प्रवाह बहुतेक ठिकाणी वाढतो, कारण झाडं बरंच पाणी ओढून हवेत सोडतात. म्हणजे ‘जंगल राखा, जास्त पाणी मिळेल’ हेही धड म्हणता येत नाही.

प्रतिसाद १

शेवटच्या शंकेपासून सुरू करतो. एकूण पाणी विकायला जाऊच नका, तिथेच फसाल. पाणी कधी येतं आणि कसं येतं, ते मांडा. पनामा कालव्याच्या पाणलोटात स्मिथसोनियन या अमेरिकी संशोधन संस्थेच्या प्रकल्पात जंगल आणि कुरण यांचे प्रवाह मोजले गेले. जंगलातून पुराचा लोंढा कमी आला आणि कोरड्या हंगामात ओढे जास्त वाहिले. सगळीकडे असंच होईल असं नाही, माती आणि उतार बघावे लागतात.

ला टिग्रा हे ढगांतलं जंगल, त्याची गोष्टच निराळी. पाऊस नसतो, पर्जन्यमापक कोरडा असतो आणि शेवाळलेल्या फांद्यांखाली टपटप चालू असते. धुक्यातलं हे पाणी झाडं गेली की मिळत नाही.

आणि गाळ विसरू नका! जलशुद्धीकरण केंद्रात गढूळ पाणी आलं की तुरटीचा डोस वाढतो, फिल्टर सारखे धुवावे लागतात, त्यात शुद्ध केलेलं पाणीच खर्ची पडतं. हा खर्च केंद्राच्या वहीत असतो. शहराला तो आकडा दाखवा.

प्रतिसाद २

‘आधीच राखीव आहे’ हे नकाशावर. जागेवर वनरक्षकांचा पगार, वणवा अडवायला मोकळा ठेवलेला पट्टा (जाळरेषा), कडेने आत सरकणारी शेती, हे सगळं दरवर्षी निस्तरावं लागतं. जलवाहिनी टाकून झाली म्हणून दुरुस्तीचा खर्च कुणी बंद करतं का? तसंच हे. तुमचे पैसे देखभालीचे आहेत.

उदाहरण हवं तर कोस्टा रिकातच आहे. मॉन्टेव्हर्डेच्या एका संवर्धन संस्थेचं जंगल आधीपासून राखीव होतं. तरी खालच्या ला एस्पेरान्सा जलविद्युत प्रकल्पाने १९९८ मध्ये त्याच्या रक्षणासाठी पैसे द्यायचा करार केला. इक्वाडोरची राजधानी कीटोचा २००० सालचा जलनिधीही बघा. तिथे जंगलापेक्षा उंचावरचा गवताळ भाग जास्त, पण पाणी कंपनी विक्रीतला ठरावीक टक्का निधीत टाकते, ती पद्धत उपयोगी पडेल.

धागाकर्ता

दोघांचे आभार. ‘देखभाल’ हाच धागा धरतो. आता एकच विचारायचंय: पैसे सरकारी तिजोरीत गेले तर उद्यानाला ते परत मिळतीलच याची खात्री नाही. कीटोसारखा वेगळा निधी करायचा, तर त्याच्या मंडळावर उद्यानाच्या कडेला राहणाऱ्या गावकऱ्यांना जागा कशी द्यायची? कुणी असा करारनामा किंवा नियमावली पाहिली असेल तर त्यातली कलमं कशी होती, ते सांगाल का?