सिंगल सिलिंडर + २० एमएम रिस्ट्रिक्टर: मॅप सेन्सर (इंटेकमधलं प्रेशर मोजणारा) नक्की लावायचा कुठे?

इंटेक_गळ्यात_पडलं
कॉलेजच्या फॉर्म्युला स्टुडंट गाडीचं इंटेक (इंजिनला हवा देणारा भाग) यंदा माझ्याकडे आलंय. केटीएम ३९० चं इंजिन, ३७३ सीसी, आधी थ्रॉटल मग रिस्ट्रिक्टर (२० एमएमचा अरुंद घसा आणि पुढे रुंदावणारा डिफ्यूजर) मग थ्रीडी प्रिंटेड प्लेनम (हवेचा डबा), ३ लिटरच्या आसपास. मागच्या बॅचने सेन्सरचा बॉस (तो बसवायची जाड जागा) डिफ्यूजरच्या तोंडासमोरच्या भिंतीवरच दिलाय आणि आयडलला रीडिंग अशा उड्या मारतं की ट्यूनिंग कशाच्या भरवशावर करायचं तेच कळेना. एक जण म्हणतो रनरमध्ये (प्लेनममधून इंजिनकडे जाणाऱ्या नळीत) लाव, दुसरी म्हणते प्लेनमच्या बाजूला, आणि कॅप्टन म्हणतो थ्रॉटल आणि रिस्ट्रिक्टरच्या मधे ठोक, तिथे अ‍ॅल्युमिनियम आहे, आटे नीट बसतील 😐 जानेवारीत कोइम्बतूरला स्पर्धा आहे, प्लीज कोणीतरी सांगा

जुना_पॉवरट्रेनवाला
कॅप्टनची जागा आधी बाद कर. फुल थ्रॉटलला तिथे जवळपास बाहेरचंच प्रेशर दिसणार, इंजिन ५ हजारला असो नाहीतर ९ हजारला. ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) हवंय ते रिस्ट्रिक्टरच्या पुढचं.

प्लेनमच्या बाजूच्या भिंतीवर घे, डिफ्यूजरच्या झोतापासून आणि रनरच्या बेलमाउथपासून (पसरट तोंडापासून) लांब. भोक लहान, भिंतीला काटकोनात, आतून बर (भोक पाडताना राहिलेली धार) अजिबात नको, बोट फिरवून बघ. समोरून हवा आदळली की स्टॅटिक प्रेशरमध्ये हवेच्या वेगाचं डायनॅमिक प्रेशर मिसळतं, ५० मीटर/सेकंदला साधारण दीड किलोपास्कल, आणि डिफ्यूजरमध्ये फ्लो भिंत सोडत असेल तर त्याहून जास्त. पण खरं सांगू का, आयडलला हवाच एवढीशी जाते की तुझ्या उड्या त्यामुळे नाहीत. बॉस हलवशील तरी त्या राहणारच.

क्रँक_अँगल
+१ वरच्याला. उड्या सिंगलच्या आहेत. चार सिलिंडरवाल्यांना हे दुखणं कळतच नाही. फोर स्ट्रोक म्हणजे दोन फेऱ्यांत एक सक्शन, ३००० आरपीएमला दर ४० मिलिसेकंदांनी एकदा, आणि प्रत्येक वेळी ३ लिटरमधून ३७३ सीसी ओढणार म्हणजे भरपाई धरली नाही तर ढोबळ १२ टक्के झोल. ईसीयू आपल्या घड्याळाने मधेच कुठेतरी सँपल घेत असेल तर आकडा नाचणारच ना. क्रँक अँगलला (क्रँक किती फिरला त्याला) बांधून सँपल घे, एकतर पूर्ण ७२० डिग्रीचं अ‍ॅव्हरेज नाहीतर इंटेक व्हॉल्व्ह बंद होतानाच्या खिडकीतलं. नुसता फिल्टर चढवू नको, थ्रॉटल पटकन उघडला की मॅप मागे राहतो, मिक्स्चर लीन होतं (पेट्रोल कमी पडतं) आणि कॉर्नरमधून निघताना गाडी खोकते.

नागदेवी_स्ट्रीट_फॅन
सँपलिंग वगैरे ठीक पण आधी नळी बघा रे पोरांनो. सेन्सर थेट प्लेनमवर बसत नसेल तर लहान नळी, कडक नायलॉनची, मुंबईत नागदेवीला न्यूमॅटिकच्या कुठल्याही दुकानात मिळते. मऊ सिलिकॉनची लांब गुंडाळी केली की ती स्वतःच शिट्टी वाजवते, ३० सेंमीला २८० हर्ट्झच्या आसपास. सेन्सर टॅपच्या वर असू दे आणि नळीचा उतार प्लेनमकडे, नाहीतर पेट्रोलची वाफ नळीत थंड होऊन पाणी साचल्यासारखी साचते. आयडल फारच त्रास देत असेल तर नळीत कार्ब्युरेटरचा छोटा जेट टाका.

क्रँक_अँगल
जेट म्हणजे फिल्टरच झाला की काका, फक्त पितळेचा

नागदेवी_स्ट्रीट_फॅन
हो, पण त्याला कोड लिहावा लागत नाही 😄

इंटेक_गळ्यात_पडलं
आमच्या ईसीयूत क्रँक विंडोचं सेटिंग आहे, कोणी हातच लावला नव्हता 🤦 बॉस पण बाजूला घेतो. रिस्ट्रिक्टरच्या घशात एक, प्लेनममध्ये एक असे जास्तीचे सेन्सर लावून घसा चोक कधी होतो (हवा ध्वनीच्या वेगाला पोचून आणखी वाढत नाही) ते बघू का?

जुना_पॉवरट्रेनवाला
घशात भोक पाडू नको! तो २० एमएमचा भाग तपासणीत गेज घालून बघतात. फ्लो बेंचसाठी वेगळा पीस प्रिंट कर. आणि ०.५२८ चा रेशो (चोक होताना आतलं प्रेशर भागिले बाहेरचं) प्लेनमला लावू नको, तो घशाचा आहे. डिफ्यूजर चांगला असेल तर प्लेनममध्ये प्रेशर बरंच वर असतानाच घसा चोक झालेला असतो.

जास्तीचा सेन्सर लावायचाच तर बॅरोसाठी (बाहेरच्या हवेच्या प्रेशरसाठी) लाव, कोइम्बतूर ४०० मीटरवर आहे, मुंबईपेक्षा ४-५ किलोपास्कल कमी. आत्ताच की ऑन, इंजिन बंद ठेवून वाच, इथे १०० च्या आसपास यायला हवं. ९५ आलं तर आधी कॅलिब्रेशन आणि ग्राउंड बघ, सेन्सरचं ग्राउंड चेसिसला नाही, ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडला. आणि नवीन बॉसभोवती इपॉक्सी नीट मार, थ्रॉटलचं तोंड हाताने बंद केल्यावर इंजिन मेलं नाही तर कुठूनतरी हवा खातंय, तिथे गेल्यावर कळण्यापेक्षा वर्कशॉपमध्येच करून बघ.