बॉलरूममधे स्टँडर्ड, स्मूद, लॅटिन... फरक काय अन आम्ही कुठून सुरू करावं?

लातूरकर_बाबू
राम राम मंडळी. बायको अन मी चाळिशीत बॉलरूम (जोडीनं करायचे पाश्चात्य नाच) शिकायलोय, हसायचं त्यांनी हसून घ्या. कॉम्पिटिशनचे व्हिडिओ बघून डोकं चक्रावलंय. एकात वॉल्ट्झवाली जोडी शेवटपर्यंत एकमेकाला सोडतच नाही, दुसऱ्यात वॉल्ट्झच पण मधीच हात सोडून गिरक्या मारायलेत, अन दोन्हीकडं जजेस खुशाल मार्क द्यायलेत. सर म्हणतात आधी लॅटिन करा, बायकोला वॉल्ट्झच पाहिजे. काय करावं?

टेन_डान्स_वेडी, संभाजीनगर
दादा पहिला व्हिडिओ इंटरनॅशनल स्टँडर्डचा, दुसरा अमेरिकन स्मूदचा. स्टँडर्डमधे वॉल्ट्झ, टँगो, व्हिएनीज वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट, क्विकस्टेप असे पाच, आणि होल्ड (जोडीदाराची पकड) सोडायचाच नाही. स्मूदमधे क्विकस्टेप नाही, बाकी तेच चार, पण सोडून नाचायची मुभा. लॅटिनमधे सांबा, चाचाचा, रुंबा, पासो डोब्ले, जाइव्ह. त्याचा अमेरिकन भाऊ म्हणजे ऱ्हिदम, त्यात बोलेरो, मॅम्बो, स्विंग येतात. रुंबा दोन्हीकडं आहे पण लॅटिनमधे सरळ पायावर वजन घ्यायचं, ऱ्हिदममधे गुडघा वाकवून पाऊल टाकायचं अन मग सरळ करायचं. अमेरिका-कॅनडा सोडून बाकीकडं मुख्यतः इंटरनॅशनलच चालतं, त्यामुळं स्मूदचे व्हिडिओ बघून स्टेप उचलू नका, सर ओरडतील. आणि फायनलला बऱ्याच ठिकाणी मार्क नसतात हो, जज जोड्यांना पहिला-दुसरा असे नंबर लावतात.

तबला_अन_टँगो, नांदेड
वहिनींचं ऐका. वॉल्ट्झ म्हणजे तीन-तीनचा हिशोब, दादरा कानात बसलेला माणूस ताल चुकत नाही. स्पर्धेत मिनिटाला 28-30 बार (एक बार म्हणजे तीन बीट) म्हणजे 84 ते 90 बीट, निवांत असतंय. व्हिएनीजच्या नादी मात्र आत्ता लागू नका, तिथं 58-60 बार पळतात, गरगरतं.

टेन_डान्स_वेडी, संभाजीनगर
ताल सोपा आहे पण फ्रेम? खांदे खाली, कोपर वर, असं दोन मिनिटं धरून बघा मग बोला 😄

परभणीचा_पाहुणा
अरे पण हॉल केवढाय ते कुणी विचारलंच नाही. स्टँडर्ड घड्याळाच्या उलट्या दिशेनं पूर्ण फ्लोअर फिरत करायचं असतं, लहान खोलीत चार पावलात भिंत. रुंबा, चाचाचा, जाइव्ह जागच्या जागी होतात (सांबा, पासो फिरतात). आणि शूज घ्याल तर स्वेडचा (मऊ, लव असलेल्या चामड्याचा) तळ असतो, ते घालून रस्त्यावर जायचं नाही, तळ गुळगुळीत झाला की तारेच्या ब्रशनं घासायचा. वहिनींना लॅटिनला समोरून उघडी सँडल अन स्टँडर्डला बंद बूट, दोन जोड घ्यावे लागतील, खिसा बघून ठरवा.

लातूरकर_बाबू
हॉल म्हणजे मंगल कार्यालयाचा वरचा मजला, खाली शहाबादी फरशी, अन बरोबर मधी खांब. मग रुंबाच करावा लागतंय. बायकोला पटलंय, पण म्हणायलीय सँडल आधी घेऊ. शहाबादीवर स्वेड टिकतं का हो?