गुडघ्याजवळची सूज अंगावर काढू नका
एका ताईंनी लिहिलंय, मुलाचा पाय रात्री दुखतो, पण ते वाढीचं दुखणं, तेल चोळलं की थांबतं. बहुतेकदा ते खरंच असतं. पण ते सहसा दोन्ही पायांत असतं आणि सकाळी पोर पुन्हा उड्या मारतं. गुडघ्याच्या जरा वर किंवा खाली एकाच जागी आठवडेच्या आठवडे दुखत राहिलं, सूज हाताला लागली, मूल लंगडायला लागलं, तर कृपा करून चोळू नका, आधी एक्स-रे काढा! ऑस्टिओसार्कोमा हा हाडाचा कॅन्सर १० ते २० वयात बहुधा तिथेच होतो. इविंग सार्कोमा या हाडाच्या दुसऱ्या कॅन्सरमध्ये कधी तापही येतो, मग जंतुसंसर्ग समजून वेळ जातो. बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणं) मात्र जिथे ऑपरेशन होणार तिथेच करा. छेद भलत्या जागी गेला तर पाय वाचवणं अवघड होतं. उपचार बहुधा असे: आधी केमो, मग ऑपरेशन, पुन्हा केमो. हल्ली बऱ्याच मुलांचा पाय वाचतो.