उन्हाळ्याच्या सुट्टीत शिवण आणि नैसर्गिक रंगाई निवांतपणे शिकायची आहे, कुठे जावं?

सुईदोरा
नमस्कार मंडळी. मी नाशिकची, शाळेत शिकवते. मे महिन्यात आठ-दहा दिवस मोकळे काढता येतील. कापड नैसर्गिक रंगात रंगवायचं आणि त्याचाच अंगावर घालण्याजोगा एक कपडा शिवायचा, असं कुठे राहून शिकता येईल?

अट एकच, घाई नको. शहरात एका दिवसाची शिबिरं होतात, त्यांत सकाळी तुरटी, दुपारी झेंडू आणि संध्याकाळी पिवळा रुमाल घेऊन घरी. दोन धुण्यांत तो रुमाल फिका पडला की का पडला हे सांगायला कोणी नसतं. मला ते 'का' शिकायचं आहे.

शिवण बऱ्यापैकी येतं. परकर, साधे ब्लाउज, मुलींचे फ्रॉक घरच्या पायमशीनवर शिवते. रंगातलं काहीच येत नाही. सोबत आई येणार आहे. तिचं वय सत्तरच्या पुढे आहे. हातशिलाई माझ्यापेक्षा कितीतरी सुबक करते, पण उन्हात उभं राहणं आणि उकिडवं बसणं तिला जमणार नाही. मनात कच्छमधलं अजरखपूर आहे. जाऊन आलेल्यांनी सविस्तर लिहा, प्लीज.

हिरडा_बेहडा
ताई, मेमध्ये आईंना कच्छला नेऊ नका. पारा सहज चाळिशीपार जातो आणि रंगाईची सगळी कामं चुलीशेजारी नाहीतर उघड्यावर. अजरखपूर बघाच, पण डिसेंबर-जानेवारीत. 'श्रुजन' या संस्थेने उभं केलेलं एलएलडीसी हे हस्तकलेचं संग्रहालयही तिथेच आहे. कच्छी भरतकाम पाहायला एक अख्खा दिवस लागतो.

शिवाय अजरख हे मुळात ठसेकाम. हिरड्यात कापड बुडवण्यापासून शेवटच्या धुलाईपर्यंत चौदा-सोळा टप्पे. ते पाहण्यासारखं आहे, पण तुम्हाला रंगवून शिवायचं आहे, ती वाट वेगळी.

अजरखपूर वसलं कसं, हे मात्र तुमच्या कामाचं आहे. या कामाचं जुनं गाव धमडका. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर तिथलं पाणी बदललं, त्यात लोह वाढलं. लोह असलेल्या पाण्यात मंजिष्ठेच्या मुळीचा लाल रंग मळकट, तपकिरीकडे झुकणारा येतो. म्हणून हे काम करणारी बरीच खत्री कुटुंबं भुजजवळ नव्या जागी गेली. पाण्यापायी आख्खं गाव उठतं, इतका फरक पाण्याने पडतो. म्हणून कुठेही फोन कराल तेव्हा पहिला प्रश्न पाण्याचा विचारा: विहिरीचं, बोअरचं की साठवलेलं पावसाचं? ज्याला याचं उत्तर लगेच देता येतं, तो रोज रंगवणारा माणूस.

दुसरा प्रश्न रंगबंधकाचा, म्हणजे रंग धाग्याला धरून ठेवणाऱ्या पदार्थाचा. तुरटी, हिरडा, थोडं हिराकस (लोहाचा क्षार) म्हणाले तर ठीक. मोरचूद (तांब्याचा क्षार) किंवा क्रोम निघालं तर नको म्हणा, मग रंग कितीही देखणा असो. ते सांडपाणी शेवटी कुणाच्या तरी शेतात जातं. तिसरा प्रश्न, रंग चढवायच्या आधी कापडाच्या तयारीला किती दिवस ठेवले आहेत? "आम्ही तयार कापड देतो" असं उत्तर आलं तर तुमचं 'का' तिथे मिळायचं नाही.

सुईदोरा
दादा, कच्छ हिवाळ्यासाठी ठेवलं. पण कापडाच्या तयारीत इतकं काय असतं? धुऊन घेतलं की झालं ना?

हिरडा_बेहडा
नाही ताई, खरं काम तिथेच आहे. कोरी खादी पांढरीशुभ्र दिसते, पण धुण्याचा सोडा आणि साबण घालून तास-दीड तास उकळा आणि पाणी बघा, कोऱ्या चहासारखं होतं. कापसाचं मेण, कांजी, हाताळणीचा मळ असं सगळं त्यात उतरतं. ते कापडात राहिलं तर रंग वरच बसतो आणि दोन धुण्यांत जातो. तुमच्या रुमालाचं बहुधा हेच झालं असणार.

पुढे हिरडा. सुती धागा तुरटीला नीट धरत नाही, हिरड्यातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, मध्ये आलं की धरतो. ३५० ग्रॅम कापड असेल, म्हणजे मध्यम जाडीची साधारण तीन मीटर खादी, तर हिरडापूड ५० ते ७० ग्रॅम आणि तुरटीही जवळपास तेवढीच. हिरड्यात रात्रभर, मग पिळून वाळवणं, मग तुरटी, पुन्हा वाळवणं, आणि शक्य असेल तर एक-दोन दिवस तसंच राहू देणं. भांडं स्टीलचं, दहा-बारा लिटरचं तरी हवं. लहान पातेल्यात कापड कोंबलं तर डाग पडतात. लोखंडी कढई हिरड्याला अजिबात नको, कापड काळपट राखाडी होतं.

आता हिशेब करा. पहिले तीन-चार दिवस तुम्हाला रंग दिसणारच नाही. तरीही ज्या ठिकाणी हे दिवस तुमच्या हातून करून घेतात, तिथे जा.

कुमाऊँवारी
मेमध्ये आणि आईंसोबत, तर माझं मत उत्तराखंडला. पिथौरागड जिल्ह्यात बेरीनागजवळ त्रिपुरादेवीला 'अवनि' ही संस्था आहे. आसपासच्या गावांतल्या बायका तिथे सूत काततात, विणतात, रंगवतात. पावसाचं पाणी साठवतात आणि रंगाईचं पाणी तापवायला सूर्याची उष्णता वापरतात, म्हणजे वरच्या दादांचा पहिला प्रश्न तिथे सुटतो.

मला सगळ्यात आवडलं ते असं, की तिथले रंग त्याच डोंगरातले आहेत. अक्रोडाच्या हिरव्या सालीचा तपकिरी, आणि एका रानटी तणाचा पिवळा-हिरवट. हे तण डोंगरभर माजलंय, गुरं त्याला तोंड लावत नाहीत. ते काढून आणणाऱ्या बायकांना त्याचे पैसे मिळतात आणि रानही मोकळं होतं. पिवळा रंग देणारी झाडं पुष्कळ आहेत, पण ज्याच्या तोडणीने रानाचं भलं होतं असा पिवळा क्वचित.

त्रास प्रवासाचा. रेल्वे काठगोदामपर्यंत, पुढे अल्मोड्यावरून वळणावळणाचा रस्ता, पूर्ण दिवस जातो. आईंसाठी अल्मोड्यात एक मुक्काम करा, ओढून एका दिवसात नेऊ नका. तिथे रेशीम आणि लोकरीचं काम जास्त आहे, सुती हवं असेल तर कापड इथूनच न्या. आणि हे काम करणारं गाव आहे, पर्यटन केंद्र नाही. आधी पत्र लिहा, दोघी किती दिवस राहणार, काय शिकायचं आहे, आईंना काय झेपतं, हे स्पष्ट कळवा. शिवणाचा वर्ग असेल असं धरून जाऊ नका.

मलनाडची_सून
इतकं लांब कशाला? आमच्या शिवमोग्ग्याकडे या! सागर तालुक्यात हेग्गोडूजवळ भीमनकोणेला 'चरक' ही महिलांची सहकारी संस्था आहे. हातमाग, नैसर्गिक रंग आणि शिलाई तिन्ही एकाच आवारात पाहायला मिळतं, तुमच्या प्रश्नाला हे जास्त जवळचं. इकडे सुपारी उकडल्यावर उरतो तो दाट तांबूस काढा, आम्ही त्याला चोगरू म्हणतो. त्याचा विटकरी-तपकिरी फार सुंदर येतो आणि टिकतोही. माझ्या सासूबाईंची चोगरूत रंगवलेली साडी कित्येक वर्षं वापरात आहे, रंग मऊ झालाय, उडालेला नाही.

नाशिकहून हुबळी आणि तिथून बसने सागर. मेमध्ये दुपारी घाम येतो, पण झाडी दाट आहे. वळवाचे चार शिंतोडे पडले की हवा बदलते. जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर मात्र येऊ नका, इकडचा पाऊस कापड वाळू देत नाही. तिथेही उत्पादनाचं काम चालतं, त्यामुळे आधी विचारून यायचं.

मुंढाबाही
ठिकाणांचं चाललंय ते चालू द्या, मी शिवणाबद्दल लिहितो. इचलकरंजीत माझं शिलाईचं दुकान आहे, वडिलांपासून.

ताई, आठ-दहा दिवसांत एकच कपडा धरा, आणि तो कळीचा, म्हणजे बाजूंना तिरके तुकडे जोडलेला, कुर्ता असू द्या. फिटिंगचा ब्लाउज नको, टाचण्या आणि टक्स यांतच दिवस जातील. कळीचा कुर्ता पूर्वी कमी पन्ह्याच्या हातमागाच्या कापडासाठीच बेतलेला आहे. पुढे-मागे सलग सरळ पट्टा, बाह्या सरळ, कळ्या एका पट्टीतून तिरक्या कापून दोन-दोन निघतात. मुंढ्याची गोलाई कापायचीच नाही, त्यामुळे चिंधी जवळपास उरत नाही. इतके दिवस राबून रंगवलेलं कापड कात्रीखाली वाया घालवायला जीव होत नाही, म्हणूनही हाच.

कस लागतो तो चौबगल्यात. बगलेत चार इंचाचा चौकोन लावतात तो. त्याची एक बाजू बाहीला, शेजारची कळीला जोडायची, मग चौकोन तिरका दुमडून उरलेल्या दोन बाजू. टीप कोपऱ्यापासून अर्धा इंच अलीकडे, शिलाईच्या रेषेवर बरोबर थांबली पाहिजे. एक टाका पुढे गेला की बगलेत चुणी पडते आणि हात वर केला की कुर्ता ओढतो. म्हणून तो कोपरा मशीनवर करू नका, आईंना द्या. हाताने उलटी टीप घातली की टाका हवा तिथे थांबतो, आणि त्यांना सावलीत खुर्चीवर बसून करता येईल. गळ्याची उरेब (तिरकी कापलेली) पट्टी आणि घेराची तुरपणही त्यांच्याकडेच.

अजून दोन गोष्टी. कापड आधी रंगवा, मग बेता. सोड्यात उकळल्यावर खादी आटते, आधी बेतलं तर मापं चुकतील. आणि दोरा सुती घ्या. बाजारात हाताला येतो तो बहुतेक पॉलिस्टरचा, तो नैसर्गिक रंग घेत नाही. पुढे कधी कुर्ता फिका पडून पुन्हा रंगवलात तर प्रत्येक टीप पांढरी उठून दिसेल. सुती रिळाचा दोरा सैल लडी करून कापडाबरोबरच भांड्यात टाका, रंग तंतोतंत जुळतो.

सुईदोरा
दादा, आईला वाचून दाखवलं. ती लगेच म्हणाली, चौबगला मला ठाऊक आहे, माझ्या आजोबांच्या अंगरख्यांना असायचा. सकाळपासून जुन्या साडीच्या तुकड्यावर सराव चालू आहे!

रानजाई
माझं मत थोडं वेगळं. कुठेही जा, पण तिथे नीळ असेल तर तिला दोन दिवस वेगळे ठेवा. बाकी रंग भांड्यात उकळून चढतात, नीळ तशी नाही. ती पाण्यात विरघळतच नाही. चुना घालून, गूळ किंवा टाकळ्याचं बी घालून पिंप आंबवावं लागतं, तेव्हा ती विरघळते. हो, आपल्या कोकणात पावसाळ्यात भाजी करतो तोच टाकळा. दक्षिणेत निळीचं पिंप आंबवायला त्याचं बी वापरण्याची पद्धत आहे. पुदुच्चेरीजवळच्या ऑरोव्हिलमधलं 'कलर्स ऑफ नेचर' हे रंगाईचं केंद्र अशा आंबवलेल्या निळीसाठी ओळखलं जातं. मेमध्ये तिथे घामाच्या धारा लागतात, पण निळीच्या पिंपाला तीच हवा मानवते.

पिंप तयार झालं की वर तांब्यासारखी चकाकणारी साय येते आणि खाली पाणी पिवळट हिरवं. कापड त्यात अलगद सोडायचं, ढवळून हवा घालायची नाही. वर काढलं की पोपटी, आणि तुमच्या डोळ्यांसमोर आधी कडा, मग घड्यांचे माथे, मग सगळं कापड निळं होतं. एकाच वेळी गडद करू पाहू नका. पाच-सहा हलक्या बुड्या द्या, प्रत्येक वेळी हवेत पूर्ण उलगडू द्या, तर रंग आतपर्यंत जातो. निळीला तुरटी लागत नाही, म्हणून ज्यांना इतकी तयारी करायला वेळ नाही त्यांनी नुसती नीळच शिकावी, असं मी म्हणेन.

आणि कोणी कोकणातल्या घरी मेमध्ये बायका जमवून करू म्हणत असेल, तर थांबा. तेव्हा विहिरी तळाला गेलेल्या असतात, रंगाईला पाण्याच्या खेपा लागतात, पिण्याच्या पाण्यातून ते काढणं बरोबर नाही. दिवाळीनंतर करा.

हिरडा_बेहडा
निळीबद्दल पूर्ण सहमत. वर्ध्याचं नावही इथे यायला हवं. गांधीजींच्या हस्ते १९३८ मध्ये सुरू झालेलं मगन संग्रहालय खादी आणि ग्रामोद्योगांसाठी आहे, तिथे नैसर्गिक रंगातली खादी पाहायला, घ्यायला मिळते. मेमध्ये वर्धा भाजून निघतं, पण जायच्या आधी कापड मागवायचं तर तिथलं बघा.

सुईदोरा
सगळ्यांचे मनापासून आभार. आईशी बोलून ठरवलं, यंदा हेग्गोडू. तिला इतका डोंगरी प्रवास नको वाटतो, आणि माग, रंग, शिलाई एकत्र पाहायचं आहे. पत्र आजच पाठवते. होकार आला नाही तर कुमाऊँ, अल्मोड्याच्या मुक्कामासह. नीळ पुढच्या वर्षी वेगळी. खादी तीन मीटर पुरेल का? आईचीही बंडी निघाली तर हवी आहे.

मुंढाबाही
३६ इंच पन्हा असेल तर साडेचार घ्या. आटणं धरून कुर्ता आणि बिनबाह्यांची बंडी दोन्ही बसतील. पण दोन्हींचं कापड एकाच भांड्यात मावणार नाही, वेगवेगळं रंगवलं तर छटा थोडी वेगळी येईल. बंडी मुद्दाम गडद करा, शेवटी चमचाभर हिराकसाच्या पाण्यात, मोजून: १०० ग्रॅम कापडाला दोन ग्रॅम, जास्त नको, सूत कमजोर होतं.

मलनाडची_सून
मावशींना सांगा, सागरला उतरल्यावर जेवायला आमच्याकडेच. व्यक्तिगत निरोपात तारीख कळवा.