प्रतिसाद: मन रमणे आणि चिंता ओसरणे

चित्रकलेत, भजनात मन रमले की चिंता आपोआप ओसरते, समुपदेशक कशाला, हे वरचे मत मला अर्धेच पटते. कारण चिंताविकार बळावतो तो मुख्यतः भीतीची गोष्ट टाळत राहिल्याने, आणि रमलेले मनही टाळतच राहू शकते. मला खानापूर-बेळगाव बसची धास्ती होती. समुपदेशिकेने आधी स्टँडवर उभ्या बसमध्ये नुसते बसायला लावले, मग एक थांबा, मग दोन, आणि धडधड ओसरेपर्यंत उतरायचे नाही, अशी पायरीपायरीने सवय करवली.

त्यांची भाषा कन्नड, माझी मराठी. ‘जीव घाबरा होतो’ हे नेमके पोचवता येईना, तेव्हा मी वहीत बसचे बंद दार काढून दाखवले. चित्र कामी आले ते असे. मराठीतूनच बोलायचे असेल, तर २०२२ पासून सुरू असलेल्या टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर भाषा निवडता येते.