पीबीपी 2027: 90 तासांत झोप कुठे बसवायची?

घाटवेडा: फ्रान्समधली पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस (पीबीपी) ही लांब पल्ल्याची सायकल राइड 90 तासांच्या मुदतीच्या गटातून करायची आहे. 600 किमीची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची राइड) 37 तासांत होते, चालता वेग ताशी 20 किमीच्या आसपास. पण तिथे रविवारी संध्याकाळी सुटायचं म्हणजे चार रात्री. झोप कुठे घ्यावी? वाटेतल्या लुदेआक गावच्या थांब्यावर बॅग ठेवावी का? दिवे डायनॅमोवर की बॅटरीवर?

चेनल्यूब: आधी हिशोब मांडा. मागच्या वेळी, 2023 ला, अंतर 1219 किमी होतं आणि चढ 12 हजार मीटरच्या घरात. वीसने चाललात तर चाकावर 61 तास, शिल्लक 29. त्यातून 15 थांबे (कंट्रोल, म्हणजे कार्डावर शिक्का घ्यायच्या जागा) प्रत्येकी 45 मिनिटांचे धरा, सव्वाअकरा तास गेले. उरले पावणेअठरा. आता वेग 18 वर आणा (दुसऱ्या दिवसानंतर येतोच): चाकावर जवळपास 68 तास, थांबे वजा जाता जेमतेम 11. म्हणजे झोप खातो तो कंट्रोलवरचा रेंगाळण्याचा वेळ. सायकल लावली की आधी कार्डावर शिक्का, मग बाटल्या, मग जेवणाची रांग. रांग लांब असेल तर गावातल्या बुलांजरीतून (बेकरीतून) सँडविच उचला आणि निघा. मात्र सोमवारी बऱ्याच बंद असतात.

रात्रपाळी: पहिली रात्र न झोपता जाते, चिंता नको. पेच सोमवारी रात्रीचा. लुदेआक साधारण 435 किमीवर आहे, 90 तासांचे बहुतेक लोक तिथे एकाच सुमारास येऊन आदळतात. जेवणाला रांग, अंघोळीला रांग, झोपायच्या हॉललाही रांग. बॅग ठेवायची तर ठेवा (सोय सहसा खाजगी टूरवाल्यांची असते), जाता-येता दोनदा हाती लागते. पण जाताना फक्त बिब शॉर्ट्स (खांद्यावर पट्टे असलेली सायकलिंगची चड्डी) बदला आणि पुढे कारेला, आणखी 80 किमीवर, झोपा. मंगळवारी रात्री परतीत लुदेआकला तीन तास मिळतात. हॉलमध्ये उठवायची वेळ सांगितली की स्वयंसेवक येऊन उठवतात. इअरप्लग हवेतच, शेजारी चारशे जण घोरत असतात.

टायर28: कारेचा सल्ला ताकद असेल तरच. डोळे मिटायला लागले तर लुदेआकलाच आडवे व्हा, झोपेत पेडल मारणं हाच सगळ्यात मोठा धोका.

दिव्यांबद्दल: तिथे ऑगस्टच्या उत्तरार्धात उजाडायला सात वाजतात, अंधार नऊ-साडेनऊनंतर. रोजचे नऊ-दहा तास दिवा लागतो, म्हणून डायनॅमो बरा. बॅटरी असेल तर दोन हेडलाइट आणि 20 हजार एमएएचची पॉवर बँक, तीही विमानात केबिन बॅगेत. लुकलुकता मोड चालत नाही. रात्री रिफ्लेक्टिव्ह जॅकेट सक्तीचं.

थंडी हलक्यात घेऊ नका. 2019 ला ब्रिटनीत (ब्रेस्टकडच्या पश्चिम फ्रान्समध्ये) पहाटे पारा पाच अंशांच्या आसपास गेला होता. ब्रेस्टच्या आधीच्या रॉक त्रेवेझेल टेकडीचा चढ घाम काढतो आणि ब्रेस्टच्या बाजूच्या लांब उतारावर तोच घाम गारठवतो. माथ्यावर थांबून विंडचीटर, पूर्ण बोटांचे हातमोजे घाला, मगच उतरा.

घाटवेडा: आणि उजवीकडून चालवायचं, ते जमतं ना?

रात्रपाळी: दिवसा जमतं. झोपून उठल्यावर रात्री रिकाम्या रस्त्यावर हात आपोआप सायकल डावीकडे वळवतो, राउंडअबाउटवर तर हमखास. हँडलवर डोळ्यांसमोर उजवीकडचा बाण असलेली चिकटपट्टी लावा.